राम-लक्ष्मण : जोडनावामागचा एकटा संगीतकार

हिंदी चित्रसंगीतात जोडीने काम करण्याची प्रथा शंकर-जयकिशन, कल्याणजी-आनंदजी आणि लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांनी रुजवली आणि त्याच प्रथेतले, विदर्भातून पुढे आलेले नाव म्हणजे राम-लक्ष्मण. मात्र हे नाव जितकी वर्षे गाजले त्यांपैकी बहुतेक वर्षे त्यामागे नागपूरचे विजय पाटील हे एकटेच संगीतकार होते, ही गोष्ट त्यांची गाणी तोंडपाठ असलेल्या कित्येक रसिकांनाही ठाऊक नसते.

१६ सप्टेंबर १९४२ रोजी नागपुरात जन्मलेल्या पाटील यांनी संगीताचे पहिले धडे वडील काशिनाथ आणि काका प्रल्हाद यांच्याकडे घेतले. पियानो आणि अकॉर्डियन ही त्यांची वाद्ये होती. गळ्यात अडकवून वाजवायच्या अकॉर्डियनमध्ये उजवा हात पट्ट्यांवर चाल वाजवतो, तर डावा हात भाता ओढता-ओढता बटणांवरून स्वरमेळ, म्हणजे एकाच वेळी वाजणारे अनेक स्वर, देत राहतो. त्यामुळे या वाद्यावर हात बसलेल्या वादकाला चाल आणि तिची साथ यांचा विचार एकत्रच करावा लागतो.

दादा कोंडके यांच्या 'पांडू हवालदार' (१९७५) या चित्रपटाने पाटील आणि त्यांचे साथीदार सुरेंद्र यांना संधी दिली; सुरेंद्र 'राम' झाले आणि पाटील 'लक्ष्मण'. पुढे राजश्री संस्थेचा 'एजंट विनोद' (१९७७) हाती आल्यानंतर थोड्याच काळात राम यांचे निधन झाले. नव्याने जम बसवू पाहणाऱ्या कलावंताला स्वतःचे नाव पुढे करण्याची ती संधी होती. परंतु पाटील यांनी दिवंगत मित्राचे नाव आपल्या नावाआधी कायम ठेवले आणि पुढची सारी कारकीर्द त्याच जोडनावाने केली.

'तराना' (१९७९) आणि 'हम से बढकर कौन' (१९८१) यांनी ओळख दिली, तरी खरे यश सूरज बडजात्या यांच्या 'मैंने प्यार किया' (१९८९) या चित्रपटाने आले. याच दशकात ब्रिटनमध्ये पेट शॉप बॉइजसारख्या जोड्या सिंथेसायझरवर, म्हणजे विजेच्या लहरींपासून स्वर घडवून त्यांचा पोत हवा तसा बदलणाऱ्या वाद्यावर, आपले संगीत उभे करीत होत्या. तिथे एकाने गायचे आणि दुसऱ्याने वाद्यसंच सांभाळायचा, अशी विभागणी असे. राम-लक्ष्मण यांच्या ध्वनिमुद्रणांतही हे वाद्य ठळकपणे ऐकू येते, पण त्यावर लता मंगेशकर आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचे सुरेल, मोकळे गायन येते. 'मेरे रंग में' या गाण्याच्या आरंभी स्वीडनच्या युरोप या वाद्यवृंदाच्या 'द फायनल काउंटडाउन' (१९८६) मधील सिंथेसायझरची, पितळी तुतारीच्या तोऱ्याची स्वरावली जवळजवळ जशीच्या तशी वाजते आणि मग सारा आवेश ओसरून एक संथ, आर्जवी चाल सुरू होते. ही उचल आहे, हे स्पष्टपणे म्हटलेच पाहिजे. 'आते जाते'चा मुखडाही स्टीव्ही वंडर यांच्या गाजलेल्या गीतावरून घेतलेला आहे. मात्र 'मेरे रंग में' ऐकताना परक्या सुरावटीपेक्षा तिच्यानंतर येणारी साधी, सहज गुणगुणता येणारी चालच अधिक काळ मनात राहते, आणि पाटील यांचे सामर्थ्य नेमके तिथे आहे. या चित्रपटासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट संगीतकाराचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला.

'हम आपके हैं कौन' (१९९४) मध्ये १४ गाणी होती आणि साखरपुडा, लग्न, डोहाळजेवण अशा घरगुती प्रसंगांभोवती ती रचलेली असल्याने ती चित्रपटाबाहेर खऱ्याखुऱ्या लग्नमांडवांत पोचली. 'हम साथ साथ हैं' (१९९९) हे राजश्रीसाठीचे त्यांचे पुढचे मोठे काम.

महाराष्ट्र शासनाने त्यांना लता मंगेशकर पुरस्कार देऊन गौरवले आणि २२ मे २०२१ रोजी नागपुरातच त्यांचे निधन झाले. मराठी चित्रसंगीताच्या इतिहासलेखनात दादा कोंडके यांच्या चित्रपटांतील त्यांच्या कामाला अजून पुरेशी जागा मिळालेली नाही. ती मिळायला हवी.