मुलांना लेणी दाखवायची तर आधी नावं वाचायला शिकवू या

गेल्या हिवाळ्यात आम्ही दोन कुटुंबं, म्हणजे चार मुलं, त्यांचे आईवडील आणि एक आजी, पिंपरीहून दोन दिवसांसाठी गाड्या काढून मावळात गेलो. निमित्त होतं आमच्या सहावीतल्या मुलीचं एक वाक्य. सहलीहून आल्यावर ती म्हणाली, "पप्पा, ती लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरलीत." घरात बुद्धमूर्ती आहे, भिंतीवर बाबासाहेब आहेत, पौर्णिमेला वंदना होते. पण लेण्यांबद्दल आम्ही तिला कधी काही सांगितलंच नव्हतं. ती जागा दुसऱ्या कुणीतरी भरली.

जुन्या महामार्गानं जाताना पहिला थांबा देहूरोड. २५ डिसेंबर १९५४ रोजी इथल्या विहारात बाबासाहेबांनी स्वतःच्या हातानं बुद्धमूर्तीची स्थापना केली. म्हणजे नागपूरच्या दीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधी. मुलांना हे नवं होतं, आणि खरं सांगायचं तर मोठ्यांपैकी दोघांनाही.

तिथून कार्ले. लेण्याच्या दाराशीच एकवीरा आईचं देऊळ असल्यानं पायऱ्यांवर गर्दी असते, कोळी-आगरी बांधव लांबून येतात. त्या गर्दीवर चिडून मुलांसमोर वाद घालू नये असं आमचं मत आहे. सांगण्यासारखं आत भरपूर आहे.

कार्ल्याचं चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वात मोठं. सुमारे ४५ मीटर लांब, आत ३७ खांब, आणि वर छताला सागाच्या लाकडी कमानी आजही टिकून आहेत. पण मुलं मोठेपणाला दोन मिनिटांत कंटाळतात. ती रमली अक्षरांत. धम्मलिपीतला 'क' हा गणितातल्या अधिकच्या चिन्हासारखा दिसतो. एवढं एकच अक्षर शिकवून त्यांना खांब शोधायला सोडलं. टॉर्च समोरून न मारता बाजूनं तिरका धरला की अक्षरं उठून दिसतात. (खडू किंवा पावडर चोळून अक्षरं उठवणारे आपल्यातलेच काही उत्साही असतात. कृपा करून ते थांबवा, दगड झिजतो.) थोड्याच वेळात ओरडा झाला, "दोन अधिक शेजारी शेजारी!" ते होतं 'धेनुकाकट', एका गावाचं नाव. या गावच्या लोकांनी इथले कितीतरी खांब दान दिले, आणि त्यांत स्वतःला यवन म्हणवणारेही आहेत.

मग आम्ही बाकीची नावं सांगत गेलो. वैजयंतीचा भूतपाल श्रेष्ठी. दरवाजाचं काम करणारा धेनुकाकटचा सुतार सामी. वेदिकेची नक्षी दान देणारी कोडी भिक्खुणी. तिच्या नावापुढे ती घुणिकाची आई असल्याचं लिहिलंय, आणि ते काम नंदिकानं केलं हेही. कारागिराचं नाव दगडावर! मुलगी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे वर्गणी काढून केलं?" हो, वर्गणी काढून. आपल्या वस्तीतला विहार उभा राहतो तसंच. राजघराण्याचं दानही आहे, नहपानाचा जावई उषवदात यानं भिक्खूंसाठी गाव दिल्याचा लेख इथेच आहे. पण खांब वाचत गेलं की व्यापारी, सुतार, भिक्खू-भिक्खुणी यांचीच नावं जास्त भेटतात.

दुपारी भाजे. हे जास्त जुनं, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं. चैत्यगृहाचे खांब आत कललेले आहेत, आणि हे का, हा प्रश्न मुलांनाच विचारावा. लाकडी इमारतीत वरचा भार खांबांना बाहेर ढकलतो, म्हणून सुतार ते आत कलते ठेवत. दगडात त्याची गरज नव्हती. तरी कोरणाऱ्यांनी ओळखीची रीत सोडली नाही. पुढे कार्ल्यापर्यंत खांब सरळ झाले. सकाळी कार्ले पाहिलेलं असल्यानं हे मुलांनी स्वतःच पकडलं. शेजारी थेरांच्या स्मरणार्थ कोरलेल्या चौदा स्तूपांजवळ आजीनं त्रिशरण म्हटलं आणि पोरं तिच्यामागे बसली.

भाज्याच्या डोक्यावर लोहगड आणि विसापूर. दुसऱ्या दिवशी लोहगडावर चढून पवनेचा जलाशय पाहिला. हे सगळे डोंगर लाव्हाच्या थरांचे आणि शेजारून कोकणातल्या बंदरांकडची बोरघाटाची वाट. म्हणून लेणी इथे. पाणी साठवायला भिक्खूंनी खडकात टाकी कोरली, लेखांत त्यांना 'पोढी' म्हणतात. खालचं पवनेचं पाणी आमच्या पिंपरीच्या नळाला येतं, हे मात्र मुलांना गडावरच कळलं.

परतताना पवनानगर–कामशेत रस्त्यावरून बेडसे. तिथे आमच्याशिवाय कुणी नव्हतं. गोभूती नावाच्या अरण्यवासी, भिक्षेवर जगणाऱ्या थेरांचा स्तूप तिथे त्यांच्या शिष्यानं करवून घेतलाय. मुलीनं वहीत जमेल तसा तो लेख उतरवला. 'क' सापडला का म्हणून विचारलं, तर म्हणाली, थांबा, अजून एक ओळ राहिलीय. खाली गाडीपाशी पोहोचेपर्यंत अंधार झाला होता.