ठिपका नेमका कुठे आहे?

दिवाळीच्या सुमारास सह्याद्रीच्या पायथ्यापासून शहरातल्या बागांपर्यंत फुलपाखरांची रेलचेल असते. पावसाने माजलेल्या झाडोऱ्यावर सुरवंट पोसले गेलेले असतात आणि आता त्यांची पुढची पिढी झेंडूवर, घाणेरीवर उतरते. हाती मोबाइल असल्याने फोटो भराभर निघतात आणि नावेही तितक्याच भराभर दिली जातात. नारिंगी दिसले की प्लेन टायगर, काळपट तपकिरी दिसले की कॉमन क्रो, पिवळे दिसले की कॉमन ग्रास यलो. यातली काही नावे हमखास चुकतात आणि दोष केवळ पाहणाऱ्याच्या घाईचा नसतो. उष्ण प्रदेशातल्या कित्येक फुलपाखरांचा रंग मुळात फसवण्यासाठीच घडलेला आहे. म्हणून माझा आग्रह असा, की रंग पाहून थांबू नये. पंखावरची खूण कोणत्या जागी आहे ते पाहावे आणि मगच नाव घ्यावे.

हेन्री बेट्स या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाने ॲमेझॉनच्या जंगलातील फुलपाखरांवर 1862 साली एक निबंध प्रसिद्ध केला. पक्ष्यांना न रुचणाऱ्या जातीचे रूप एखादी खाण्याजोगी जात घेते आणि त्या जोरावर जीव वाचवते, हे त्याने त्यात मांडले. याचे उत्तम उदाहरण आपल्या माळरानावरच आहे. प्लेन टायगरचा सुरवंट रुईवर वाढतो. रुईच्या चिकातली विषारी द्रव्ये त्याच्या अंगात साठतात आणि फुलपाखरू झाल्यावरही टिकतात. डॅनाइड एगफ्लाय या जातीचा सुरवंट मात्र आपण भाजी करतो त्या घोळीवर वाढतो. त्याच्यात असले विष नसते. या जातीचा नर मखमली काळा असतो आणि त्याच्या पंखांवर निळ्या-जांभळ्या कडेचे मोठे पांढरे ठिपके असतात. मादी मात्र थेट प्लेन टायगरच्या रूपात वावरते: तोच नारिंगी रंग, पुढच्या पंखाचे तेच काळे टोक, त्यावर तसाच पांढरा पट्टा. दोघींतला फरक मागच्या पंखावर सापडतो. प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावर तीन काळे ठिपके असतात आणि नराला गंधाच्या पिशवीचा चौथा ठिपका असतो. एगफ्लायच्या मादीला त्या पंखाच्या वरच्या कडेजवळ एकच ठळक ठिपका असतो आणि पंखाची कड अधिक नागमोडी असते.

ही नक्कल ठिपक्यापाशीच का अडली? पक्ष्याला निर्णय क्षणात घ्यायचा असतो, तोही उडत्या भक्ष्याकडे दुरून पाहून. त्याला फसवायला नारिंगी रंग, काळे टोक आणि पांढरा पट्टा पुरेसे ठरतात. ठिपके एक की तीन हे त्याच्या नजरेने निवडलेच जात नसेल, तर तेवढा फरक मिटण्याचे कारणही उरत नाही. म्हणजे दुरून दिसणारे रूप शिकाऱ्यासाठी घडते आणि जातीची खरी ओळख बारकाव्यात शिल्लक राहते. निरीक्षकाने नेमके पक्ष्याच्या नजरेतून सुटलेले तेच पाहायचे असते.

या बारकाव्यांतही जागेला एवढे महत्त्व का, याचे उत्तर पंखाच्या घडणीत आहे. फुलपाखराच्या पंखावर शिरांनी कप्पे पाडलेले असतात. 1920च्या दशकात श्वानविच आणि झ्युफर्ट या दोन अभ्यासकांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले, की नक्षी कितीही गुंतागुंतीची दिसली तरी तिच्यामागे एक मूळ आराखडा असतो आणि त्यातले घटक कप्प्याकप्प्यांत मांडलेले असतात. ठिपका लहानमोठा होईल, फिका पडेल, एखाद्या कप्प्यात दिसेनासाही होईल. पण तो सहसा वाटेल तिथे उगवत नाही. ग्रास यलो फुलपाखरांत याचा उपयोग होतो. पिवळा रंग आणि काळी कड जवळपास सगळ्यांची सारखी. पंख मिटलेले असताना पुढच्या पंखाच्या खालच्या बाजूची मधली कोठी पाहिली, की कॉमन ग्रास यलोला तिथे दोन खुणा असतात, थ्री-स्पॉटला तीन, वन-स्पॉटला एक. उडताना दिसलेल्या पिवळ्या पंखावरून हे कळणे शक्य नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की खुणा तरी कुठे स्थिर असतात? आक्षेप योग्य आहे. कॉमन इव्हनिंग ब्राउनच्या पंखांच्या खालच्या बाजूवर पावसाळ्यात ठळक डोळे असतात; कोरड्या दिवसांत जन्मलेल्या पिढीत ते जवळजवळ पुसले जातात आणि फुलपाखरू वाळक्या पानासारखे दिसते. कॉमन मॉरमॉनची तर मादीच तीन रूपांत आढळते: एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमसन रोझसारखी. त्या एकाच जातीच्या माद्या आहेत याकडे आल्फ्रेड रसेल वॉलेस याने 1865 साली लक्ष वेधले. 2014 साली कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की या रूपभेदाची किल्ली ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकापाशी आहे. पण यातून सुटा ठिपका मोजून भागत नाही, एवढेच सिद्ध होते. ऋतू, लिंग आणि शरीर यांच्या संगतीत खूण वाचावी लागते. दोन्ही रोझ जातींचे सुरवंट विषारी सापसंदीवर वाढतात आणि फुलपाखराचे अंग लालभडक असते. मॉरमॉनची मादी पंखांवर कितीही हुबेहूब लाल खुणा उतरवो, तिचे अंग काळेच राहते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. खरी ओळख डीएनएवरूनच होते, मग पंख न्याहाळण्यात अर्थ काय? मध्य अमेरिकेतील कोस्टा रिका देशात ॲस्ट्राप्टेस फुल्गेरेटर या एकाच नावाने ओळखल्या जाणाऱ्या फुलपाखरांत दहा जाती दडलेल्या आहेत, असा निष्कर्ष 2004 साली डीएनएच्या आधारे मांडला गेला. नेमकी संख्या किती यावर पुढे वाद झाला; पण प्रौढ फुलपाखरे इतकी सारखी असू शकतात हे मान्य करावेच लागते. मात्र त्याच अभ्यासात सुरवंटांचे रंग आणि त्यांची खाद्यवनस्पती वेगवेगळी असल्याचेही दिसले होते. म्हणजे प्रयोगशाळेने जे पक्के केले त्याचा सुगावा झाडावरच लागत होता. आपल्याकडेही कॉमन ग्रास यलोची मादी अंडी सुटी घालते आणि थ्री-स्पॉटची मादी पुंजक्याने घालते. डीएनएची चाचणी बहुसंख्य निरीक्षकांच्या आवाक्याबाहेर आहे. उलट जिवंत फुलपाखराला हात न लावता घेतलेला स्पष्ट फोटो कोणीही, कितीही वेळा तपासू शकतो.

तिसरा आक्षेप उपयोगाचा. एवढी चिरफाड करून मिळते काय? एक उत्तर कायद्यात आहे. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॅनाइड एगफ्लाय अनेक वर्षे पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत होते. प्लेन टायगरला तसे संरक्षण नव्हते. पंखावरचा ठिपका न पाहता केलेली नोंद संरक्षित जातीला सर्वसामान्य जातीच्या खात्यात टाकते. दुसरे उत्तर अधिक व्यापक आहे. एखादी जात कुठे वाढते आहे, कुठून नाहीशी होते आहे, हे आता मोठ्या प्रमाणात सामान्य माणसांच्या नोंदींवरून समजते. त्या नोंदी चुकीच्या असतील तर त्यांवर उभे राहिलेले निष्कर्षही चुकीचे ठरतील.

पद्धत अवघड नाही. एक फोटो पंख उघडे असताना घ्यावा, दुसरा मिटलेले असताना. खूण पुढच्या पंखावर आहे की मागच्या, वरच्या बाजूला की खालच्या, कोणत्या शिरांच्या मध्ये, हे लिहून ठेवावे. तारीख आणि आसपासची झाडे नोंदवावीत. आणि खूण दिसलीच नाही तर अडून बसू नये. कॉमन क्रो आणि डबल-ब्रँडेड क्रो यांच्या नरांत पुढच्या पंखावर गंधाचा एक पट्टा की दोन यावरून फरक कळतो. माद्यांना तो पट्टाच नसतो. अशा वेळी ‘क्रो, जात अनिश्चित’ एवढेच लिहावे. अभ्यासाला अर्धवट पण खरी नोंद चालते. पूर्ण पण चुकीची नोंद चालत नाही. या दिवाळीच्या सुटीत दारातल्या झेंडूवर बसलेल्या फुलपाखराचा फोटो घ्याल, तेव्हा नाव देण्याआधी त्याचा मागचा पंख एकदा नीट पाहा.