हिराइसेची आठवण, सकळ लिपीचे कुलूप

महानुभावांच्या सांकेतिक लिप्यांचे वेड मला कॉलेजच्या दिवसांपासून आहे. साक्षर समाज आपला वारसा जपतो, हे वाक्य कुणी ठणकावून म्हणाले की मला हटकून या लिप्यांतल्या पोथ्या आठवतात. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधर, त्यांचे शिष्य नागदेवाचार्य आणि म्हाइंभट ही नावे अनेकांच्या कानावर असतील. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी माणसे गाठून, चक्रधरांची एकेक लीळा, म्हणजे आठवण, ताडून ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले, इथवर पाठ्यपुस्तकेही पोचतात. खरी गंमत त्यापुढे आहे.

केशवराज सूरी हे संस्कृतचे पंडित. ते संस्कृतात ग्रंथ रचू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना अडवले. कारण काय, तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका त्या ज्ञानाला मुकतील! त्यांतल्या कितीजणींना अक्षर ओळखता येत असेल? बहुतेकींसाठी ग्रंथ म्हणजे कानावर पडणारी गोष्ट. तरीही भाषा ठरली ती त्यांच्या सोयीने.

चौदाव्या शतकाच्या आरंभी उत्तरेच्या फौजा देवगिरीवर आल्या. त्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली, असे पंथाची परंपरा सांगते. मग ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो स्मरणातून. ज्याला जे मुखोद्गत होते ते त्याने सांगितले, दुसऱ्याने लिहून घेतले. साहजिकच पाठ वेगवेगळे झाले. त्यांतला एक ‘हिराइसापाठ’. हिराइसा ही एकपाठी स्त्री, म्हणजे एकदा ऐकले की ते तिच्या ध्यानात राही, अशी तिची ख्याती. मराठी गद्याच्या या आद्य ग्रंथाची चर्चा करताना आपण म्हाइंभटांपाशी थांबतो. हिराइसेचे नाव पाठभेदांच्या तळटिपांत पडून असते. मला हे अन्यायाचे वाटते. पोथी गेली तेव्हा उपयोगी पडले ते तिच्यासारख्यांचे पाठांतर.

आणि नेमके याच पंथाने पुढे आपले ग्रंथ कुलूपबंद केले. चौदाव्या शतकात सकळ लिपी आली. तिचे श्रेय ‘सह्याद्रिवर्णन’ लिहिणाऱ्या रवळोबासांना देतात. युक्ती साधी: अक्षरांची अदलाबदल. एका अक्षराच्या जागी ठरलेले दुसरे. मागून सुंदरी, अंक अशा आणखी लिप्या निघाल्या. आक्रमकांपासून ग्रंथ वाचवण्यासाठी हे केले, असे सांगतात. मला ते पुरेसे पटत नाही. पोथी जाळणाऱ्याला ती वाचता यावी लागत नाही. ज्याला उपदेश झालेला नाही त्याच्या हाती शास्त्र पडू नये, ही इच्छाच त्यामागे अधिक असावी.

एक लाभ मात्र मान्य करायला हवा. बाहेरच्या हातांची ढवळाढवळ टळली आणि भाषेचे जुने रूप पुष्कळसे टिकले. पंथ पंजाबात आणि पार काबूलपर्यंत गेला. तिकडचे ‘जयकृष्णी’ अनुयायी घरी पंजाबी बोलत आणि धर्मग्रंथांसाठी मराठी शिकत. इकडे महाराष्ट्रात साक्षर लोकांना ते ग्रंथ वाचता येत नव्हते आणि पंथाविषयी वाटेल त्या कंड्या पिकत होत्या.

विसाव्या शतकात कुलूप निघाले. वि. का. राजवाड्यांनी सकळ लिपी उलगडली. ‘महाराष्ट्र सारस्वत’कार वि. ल. भावे, यवतमाळचे य. खु. देशपांडे, नागपूरचे ह. ना. नेने यांनी ग्रंथ उजेडात आणले. काही महंतांनी पोथ्यांचे दफ्तर उघडून दिले, त्यांचे ऋणही मोठे. वि. भि. कोलत्यांनी संपादलेले लीळाचरित्र राज्याच्या साहित्य संस्कृती मंडळाने 1978 साली काढले. त्यातल्या काही लीळांवर पंथातून आक्षेप निघाले आणि प्रकरण न्यायालयात गेले. वाचू शकणारे वाढले की काय वाचू द्यायचे याचे भांडण सुरू होते. या वादात माझे मत कोलत्यांच्या बाजूने आहे. पाठ छापावेत, पाठभेद दाखवावेत, पटत नसेल तर उत्तर लिहावे.

3 ऑक्टोबर 2024 रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. मराठीच्या प्राचीनतेची चर्चा लीळाचरित्रावाचून पुरी होत नाही. पण सकळ लिपी सराईतपणे वाचणारी माणसे आज मोजकीच आहेत, आणि मठांत व घरांत अजून पोथ्या आहेत. महानुभावांचे तीर्थस्थान असलेल्या रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ झाले आहे. तिथे ही लिपी रीतसर शिकवली जावी. आणि तुमच्या घरात माळ्यावर एखादे न वाचता येणारे जुने बाड असेल, तर ते नदीत सोडू नका. आधी एखाद्या जाणकाराला दाखवा.