दलदलीत कोंडलेले नत्र

आयर्लंडच्या मध्यभागी विस्तीर्ण दलदली आहेत. तेथे हजारो वर्षे शेवाळ वाढत गेले, मरत गेले, आणि पाण्याखाली अर्धवट कुजून त्याचा काळसर थर साचला. त्यास ‘पीट’ म्हणतात. तो वाळवून चुलीत जाळण्याची चाल जुनी आहे. आम्ही मात्र आज त्यावरील शेतीविषयी लिहीत आहो.

वाचकांस नवल वाटेल, पण या थरात नत्राची वाण नाही. तरीही त्यावर पेरलेले गवत पिवळे पडून खुरटते. कारण हे नत्र मृत वनस्पतींच्या अंशांत बांधलेले असते. जीवाणूंनी त्यापासून अमोनिया आणि पुढे नायट्रेट केले, तरच ते मुळांस लाभते. पीटचा सामू बहुधा ४ च्या आसपास असतो, आणि इतक्या आंबट जागी नायट्रेट करणारे जीवाणू सुस्त पडतात. गंमत अशी की, या दलदलींच्या तळाशी चुनखडीचाच खडक आहे! पण थर उंच वाढल्याने वरच्या भागास केवळ पावसाचे पाणी मिळते. खालचा चुना तेथवर चढत नाही.

तो माणसांनी चढविला. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत गरीब कुळांनी दलदलीच्या कडेला चर खणले, भट्टीत भाजलेला चुना पसरला आणि बटाटे लाविले. आर्थर यंग या इंग्रज प्रवाशाने १७८० साली प्रसिद्ध केलेल्या प्रवासवर्णनात अशा खटाटोपांची हकीकत आहे. जमीन सुधारली की पुष्कळदा जमीनदार खंडच वाढवीत, हा अन्याय निराळाच.

चुन्याने आंबटपणा उतरतो, जीवाणू जागे होतात. तथापि शेवाळात कर्ब फार आणि नत्र त्या मानाने थोडे. म्हणून आरंभी जीवाणू सुटलेले नत्र स्वतःच्याच वाढीस वापरतात आणि पीक उपाशी राहते. चुना म्हणजे खत नव्हे. सोबत शेणखत हवेच. प्रमाणही सांभाळावे लागते. साध्या मातीस सामू ६ ते ६.५ इष्ट, पण पीटमध्ये अपायकारक अॅल्युमिनियम कमी असल्याने ५ ते ५.५ पुरे होतो. त्यापुढे चुना ओतणे आम्हांस उधळपट्टी वाटते. नायट्रेट मातीस धरून राहत नाही, पावसाबरोबर ओढ्यात जाते. चिखलात त्याचा वायू होऊन ते हवेतही उडते.

शिवाय चर खणून कोरडे केलेले पीट स्वतःच कुजून खचते. इंग्लंडमध्ये होम फेन येथे १८५१ च्या सुमारास जमिनीसरसा पुरलेला लोखंडी खांब आता सुमारे ४ मीटर वर आला आहे. चुना बापास श्रीमंत करतो आणि मुलास कंगाल, अशी युरोपातील शेतकऱ्यांत जुनी म्हण आहे. आयर्लंडातील सरकारी पीट-कंपनीने २०२१ साली पीट काढणे थांबविल्याचे जाहीर केले. तिच्या दलदलींतील चर आता बुजविले जात आहेत आणि पाणी पुन्हा साचू दिले जात आहे.