धातूवरचा भोवरा

छापील चित्र म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे भिंतीवरची लक्ष्मी किंवा सरस्वती उभी राहते. राजा रविवर्मा यांनी 1894 साली मुंबईत छापखाना काढला आणि देवादिकांची चित्रे घरोघर पोचली. या चित्रांचे उपकार थोर खरे. पण त्यांच्यामुळे एक समजही रूढ झाला. चित्रकाराने चित्र रंगवायचे आणि छापखान्याने त्याच्या नकला काढायच्या. सारांश, छापील चित्र ही मूळ चित्राची सावली होय, असा तो समज. परंतु ज्याला छापण्यापूर्वी मूळच नसते, जे पत्रा, शाई आणि कागद यांच्या भेटीतून प्रथमच जन्मास येते, असेही एक मुद्राचित्र असते. कृष्णा रेड्डी यांची मुद्राचित्रे या जातीची आहेत.

रेड्डी यांचा जन्म 1925 साली, आजच्या आंध्र प्रदेशातील चित्तूरच्या मुलुखात झाला. शांतिनिकेतनात ते नंदलाल बोस यांच्यापाशी शिकले. नंदलालबाबू स्वतः हिंडताफिरताना लहानशा कार्डांवर झाडे, जनावरे, माणसे टिपून ठेवीत. त्या शाळेत निसर्ग हा भिंतींच्या आत आणून अभ्यासण्याचा विषय नव्हता. पुढे रेड्डी लंडनला व तेथून पॅरिसला गेले. पॅरिसमध्ये त्यांनी झादकिन यांच्याकडे शिल्पकलेचे धडे घेतले आणि शिल्पकाराचा हात घेऊनच ते स्टॅन्ली विल्यम हेटर यांच्या ‘आतेलिये 17’ या मुद्राचित्रशाळेत दाखल झाले. हेटर मूळचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी. तेलाच्या कंपनीत नोकरी केलेले. शाईतल्या तेलाकडे त्यांच्या शाळेचे इतके लक्ष गेले यात मग नवल ते काय?

धातूच्या पत्र्यावर कोरणी चालवणे हे पेन्सिलीच्या रेखाटनाहून अगदी निराळे. पेन्सिल बोटांनी फिरवावयाची, कोरणी मात्र तळहाताने पुढे रेटावयाची असते. वक्र रेषा हवी असेल तर कोरणीचा हात फारसा वळत नाही. दुसऱ्या हाताखालचा पत्राच तिच्यासमोर फिरवला जातो. भूमी फिरते आणि रेषा सरळ चालत राहते. या कामाची सवय झालेल्या माणसाला पाण्याची गती नुसती पाहून कळते असे नव्हे, ती त्याच्या मनगटात उतरते.

प्रश्न होता तो रंगाचा. जुन्या रंगीत छपाईत प्रत्येक रंगाला निराळा दगड वा निराळा पत्रा लागे; आकृती एकीकडे आणि रंग दुसरीकडे, अशी फारकत होई. हेटर, रेड्डी आणि मुंबईत जन्मलेले कैको मोती यांनी 1950 नंतरच्या काळात एकाच पत्र्यावरून अनेक रंग एकदम उठवण्याची रीत सिद्ध केली. तिचे मर्म दोन गोष्टींत आहे. पहिली, पत्र्याची उंचसखल भूमी. रेड्डी पत्रा केवळ कोरीत नसत. हत्यारांनी खरवडून, घासून, ते त्यात एकाखाली एक पातळ्या घडवीत. सर्वांत खोल रेषांत एक शाई भरून वरचा भाग पुसून घेतला जाई. नंतर कडक रूळ फिरवला की तो टेकड्यांचे माथे तेवढे चाटून जाई. मऊ रूळ दऱ्याखोऱ्यांत उतरे. दुसरी गोष्ट शाईच्या दाटपणाची. जवसाचे तेल अधिक घातलेली पातळ शाई आधी लागली असेल, तर वरून येणारी घट्ट शाई तेथे बसतच नाही. तेलाचा हात फिरवलेल्या परातीला कणीक धरत नाही, तसेच काहीसे. मग ओलसर कागद ठेवून पत्रा दाबयंत्रातून एकदाच काढावयाचा.

याचा परिणाम मोठा आहे. रंग मागाहून भरता येत नाही. तो भूमीच्या खोलीवरच ठरतो, जसा नदीतही ठरतो. 1963 सालचे ‘भोवरा’ हे मुद्राचित्र पाहावे. त्यात काठ नाही, नाव नाही, क्षितिजही नाही. नदीकाठी बसून काढलेले हे दृश्यच नव्हे. पाणी ज्या ओढीने स्वतःभोवती फिरते ती ओढ येथे पत्र्यावर पुन्हा घडवली आहे. त्याच वर्षीची ‘लाट’ही याच कुळातली. प्रत्येक प्रतीसाठी शाई नव्याने भरावी लागते, रुळावरचा हाताचा दाब थोडाफार बदलतो, म्हणून दोन प्रती तंतोतंत सारख्या निघणे कठीण. त्यांना नकला म्हणणे अन्यायाचे होईल.

पुढे ही रीत जगभर पसरली आणि, खरे सांगावयाचे तर, तिचा पुष्कळ ठिकाणी नुसता चमत्कार झाला. रंग झळाळतात, पण खालची भूमी सपाटच असते. रेड्डी हेटर यांचे सहसंचालक झाले; 1976 मध्ये न्यूयॉर्कला गेले आणि तेथेही शिकवीत राहिले. 2018 साली त्यांचे निधन झाले.

त्यांचे मुद्राचित्र कोठे पाहावयास मिळालेच, तर प्रथम समोरून पाहावे आणि मग एका कडेला होऊन तिरप्या उजेडात पाहावे. पत्र्यावरच्या खोल जागी कागद दाबला जाऊन वर उठलेला असतो. भोवऱ्याच्या कडा तेथे सावल्या टाकीत असतात.