आहुप्याच्या देवराईत वही घेऊन जा

मंचर, घोडेगाव, डिंभे धरण ओलांडून घाटमाथ्याकडे गेलं की आंबेगाव तालुक्यातलं आहुपे लागतं. बहुतेक जण कोकणकडा बघून परततात. मी मात्र सांगेन, गावाच्या देवराईत तासभर तरी थांबा.

देवाच्या नावानं राखलेलं हे रान. इथं कुऱ्हाड लावायची नाही, हा पिढ्यान्‌पिढ्यांचा नेम. म्हणून जुनी झाडं टिकली आणि त्यांवर चढणारी गारंबीची वेलही. तिचं खोड माणसाच्या मांडीएवढं होतं, शेंगा हातभर लांब! चित्र काढणाऱ्यानं तिचे पीळ एकदा कागदावर उतरवून बघावेत, हाताला वेगळंच वळण लागतं. लिहिणाऱ्यानं नुसतं ऐकावं. आधी कानात गाडीच उरलेली असते, मग हळूहळू पानगळ ऐकू येते, आणि वरून शेकरूचा खडखडीत आवाज. आपला हा राज्यप्राणी एकाच वेळी अनेक घरटी बांधतो. शेजारच्या भीमाशंकरला अभयारण्य झालं 1985 मध्ये, तेही मुख्यतः त्याच्यासाठी.

जपाननं 1982 मध्ये असं रानात रमणं आरोग्यासाठी म्हणून लोकांपुढे आणलं. पुढच्या अभ्यासांत ताणाशी संबंधित कॉर्टिसॉल कमी झाल्याचं दिसलं. इकडे आपल्या देवराया पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी सत्तरच्या दशकात अभ्यासल्या.

जाण्याआधी गावात विचारा. स्पीकर नको, शेंगा-फुलं तोडू नका, पडलेलं लाकूडही तिथंच राहू द्या.