रहस्यकथाकार गल्लीतल्या वाचनालयात यायचे तेव्हा

२०२६ हे वर्ष ब्रिटन सरकारनं 'राष्ट्रीय वाचनवर्ष' म्हणून जाहीर केलं आहे. लोकांचं वाचन घटलंय, मुलांचं तर फारच, तेव्हा सगळ्यांनी मिळून ते वाढवू या, असं आवाहन आहे. आवाहनात गैर काहीच नाही. पण २०१० नंतरच्या दशकभरात याच देशातली जवळपास ८०० सार्वजनिक वाचनालयं बंद झाली, आणि त्यातली काही माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होती. वाचायची जागा काढून घ्यायची आणि लोक वाचत नाहीत म्हणून वर्ष साजरं करायचं, हे वरातीमागून घोडं मला मुकाट्यानं बघवत नाही.

हे लिहायला आणखी दोन निमित्तं आहेत. २००८ पासून ब्रिस्टलमध्ये भरणारं 'क्राइमफेस्ट' हे रहस्यकथाकारांचं संमेलन २०२५ च्या मे महिन्यात कायमचं थांबलं. आणि येत्या ३१ ऑक्टोबरला एच. आर. एफ. कीटिंगची जन्मशताब्दी आहे. मुंबई सीआयडीतला इन्स्पेक्टर गणेश घोटे हे पात्र कीटिंगचं. 'द परफेक्ट मर्डर' ही घोटेची पहिली कादंबरी १९६४ साली आली, तेव्हा कीटिंगनं मुंबई डोळ्यांनी पाहिलेलीही नव्हती. तो योग पुढं दहाएक वर्षांनी आला. १९८८ च्या चित्रपटात नसीरुद्दीन शाहनं घोटे उभा केला, तो आपल्याकडच्या अनेकांना आठवत असेल. मला मात्र घोटे पहिल्यांदा भेटला तो लंडनमध्ये, विल्सडेन ग्रीनच्या सार्वजनिक वाचनालयात. महाराष्ट्र मंडळाची इमारत असलेल्या डॉलिस हिलला बिऱ्हाड केलं आणि पहिलं कार्ड काढलं ते या वाचनालयाचं.

वाचनालय आणि रहस्यकथाकार यांच्या नात्याचा जुना इतिहास मी भराभर ओलांडते. 'डिटेक्शन क्लब' १९३० चा. बडे लेखक जेवायला जमत, एकमेकांना शपथा देत. वाचकाला तिथं जागा नव्हती. १९५३ मध्ये जॉन क्रीझीच्या पुढाकारानं 'क्राइम रायटर्स असोसिएशन' निघाली, पारितोषिकं सुरू झाली. १९७९ चा कायदा मात्र महत्त्वाचा. वाचनालयातून पुस्तक घरी गेलं की लेखकाला काही पेनी मिळायला लागले. वर्षाला ६६०० पौंडांच्या वर ही रक्कम जात नाही, पण ज्याचं नाव दुकानाच्या दर्शनी काचेत कधी लागत नाही, त्या लेखकाला फेब्रुवारीत येणाऱ्या या पैशांचा मोठा आधार असतो. रहस्यकथा वाचनालयातून भरपूर वाचली जाते. त्यामुळं या लेखकांचं वाचनालयाशी नातं पोटाचंही होतं, आणि त्यात कमीपणा काहीच नाही.

रहस्यकथाकार वाचनालयांत वाचकांना भेटायला येत, ते माझं दशक २००० ते २०१०.

त्याची सुरुवात उत्तर इंग्लंडात झाली. प्रकाशक जाहिरातीचा पैसा चार बड्या नावांवर खर्च करत आणि बाकीच्यांच्या तोंडाला पानं पुसत. तेव्हा मार्गारेट मर्फी या लेखिकेनं २००० साली सात रहस्यकथाकारांना एकत्र केलं. ॲन क्लीव्ह्ज, मार्टिन एडवर्ड्स, कॅथ स्टेनक्लिफ, स्टुअर्ट पॉसन, जॉन बेकर, चॅझ ब्रेंचली आणि मर्फी स्वतः. गटाचं नाव 'मर्डर स्क्वाड'. आपल्या पुस्तकांसाठी दुसरं कुणी हिंडणार नसेल तर आपणच हिंडू, असा त्यांचा साधा हिशेब होता. वाचनालयांत आणि पुस्तकांच्या दुकानांत जाऊन ते वाचून दाखवत, लेखनाच्या कार्यशाळा घेत, प्रश्नांना उत्तरं देत. दोन वर्षांनी, २००२ पासून, 'डॅगर इन द लायब्ररी' हा सन्मान नव्यानं द्यायला सुरुवात झाली. एका कादंबरीऐवजी लेखकाच्या एकूण कामाचा तो गौरव असतो आणि त्यात वाचनालयांच्या पसंतीला मान असतो. त्या वर्षी तो पीटर रॉबिन्सनला मिळाला. २००३ मध्ये हॅरोगेटचा रहस्यकथा महोत्सव सुरू झाला. १९२६ साली बेपत्ता झालेली अगाथा ख्रिस्ती ज्या हॉटेलात सापडली, तिथंच तो भरतो.

या सातांपैकी ॲन क्लीव्ह्जची कहाणी मला सगळ्यात जवळची. तिची पहिली कादंबरी १९८६ ची. पुढची वीस वर्षं ती लिहीत राहिली आणि फार थोड्यांना तिचं नाव ठाऊक होतं. त्या काळात ती वाचनालयांसाठीच काम करत होती, वाचकगट चालवत होती. २००६ मध्ये 'रेव्हन ब्लॅक'ला २०,००० पौंडांचं 'डॅगर' पारितोषिक मिळालं आणि तिचे दिवस पालटले. 'व्हेरा' आणि 'शेटलंड' या मालिका त्यानंतरच्या. अप्रसिद्धीच्या वीस वर्षांत तिच्या कादंबऱ्या वाचकांपर्यंत पोचवल्या त्या वाचनालयांनी. आज तिच्या नावावर चॅनेल आणि प्रकाशक मिरवतात, तेव्हा हे कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते.

अशा भेटींची आमच्या भागातली व्यवस्था अशी होती. वाचनालय स्वतः पुस्तकं विकत नसे, म्हणून जवळचा पुस्तकविक्रेता एक टेबल मांडे. विल्सडेन ग्रीनला तर पुस्तकाचं दुकान वाचनालयाच्या इमारतीतच होतं. लेखक यायचा तो बहुधा ट्यूबनं, खांद्याला पिशवी. मानधन बेताचं, कधी नुसतं येण्याजाण्याचं भाडं. दहा-पंधरा मिनिटं वाचन व्हायचं. शेवट कळू नये म्हणून उतारा नेहमी पहिल्या पन्नास पानांतला. नंतर प्रश्न, चहा, सह्या. तिकीट नाही, नावनोंदणी नाही.

आणि समोर कोण असायचं? निवृत्त नर्स, बसचालक, आयरिश आजोबा, लेस्टरहून लेकीकडं राहायला आलेल्या गुजराती काकू, शाळा सुटल्यावर उबेला येऊन बसलेली पोरं. एका संध्याकाळी आलेल्या लेखकाच्या कादंबरीत खुनी किल्बर्न हाय रोडवर ५२ नंबरच्या बसमध्ये उडी मारून पसार होतो. वाचन संपलं. मागच्या रांगेतले एक जमैकन गृहस्थ उठले, टोपी काढली, आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, ५२ नंबर किल्बर्नवरून जात नाही. ती केन्सल राइझवरून लॅडब्रोक ग्रोव्हला उतरते. मी चालवलीय ती." लेखकानं वही काढली, स्टॉपची नावं क्रमानं लिहून घेतली, आणि मग त्या दोघांचं जे सुरू झालं ते ग्रंथपालबाई किल्ल्या वाजवेपर्यंत थांबलं नाही. शेवटची बस किती वाजता सुटते, डबलडेकरच्या आरशात चालकाला वरचा मजला किती दिसतो, पाळी बदलताना गाडी किती मिनिटं उभी राहते. पुढच्या कादंबरीचं अर्धं सामान त्या लेखकाला तिथंच मिळालं असणार. कुठल्या महोत्सवाच्या मांडवात त्याला ही माहिती मिळाली असती? आणि त्या चालकाला तरी दुसऱ्या कुठल्या व्यासपीठासमोर आपलं तीस वर्षांचं ज्ञान एवढ्या मानानं सांगता आलं असतं?

मी अर्नाळकरांच्या पुस्तकांवर वाढले. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिलेल्या या माणसानं महाराष्ट्राला वाचनाची गोडी लावली. गुरुनाथ नाईकांनी तोच वसा पुढं चालवला. भाड्यानं पुस्तकं देणाऱ्या वाचनालयांचा संसार या दोघांच्या आणि सुहास शिरवळकरांच्या पुस्तकांवर चालला. पण केवळ रहस्यकथा लिहिणारा लेखक आजवर साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावर बसलेला नाही. त्या दशकात सुट्टीवर पुण्यात आले असताना एका व्याख्यानमालेच्या संयोजकांना मी सुचवलं होतं की एखादा दिवस रहस्यकथाकारांसाठी ठेवा. "आमचा श्रोता दर्जेदार आहे," असं उत्तर मिळालं. ते अजून सलतं. विल्सडेनचा तो बसचालक दर्जेदार श्रोता नव्हता, असं माझ्यासमोर कुणी म्हणून दाखवावं.

दुकानांची गोष्ट वेगळी सांगायला हवी. मॅक्सिम जाकुबोव्स्कीनं १९८८ मध्ये 'मर्डर वन' काढलं, आधी डेन्मार्क स्ट्रीटवर, मग चेअरिंग क्रॉस रोडवर. दुकान मुख्यतः गुन्हेगारी साहित्याला वाहिलेलं. मालक स्वतः लेखक आणि संपादक. शुक्रवारी कामावरून परतताना तिथं डोकवावं, तर कुणीतरी लेखक एका कोपऱ्यात प्रतींच्या चळतीवर सह्या करत बसलेला. अमेरिकेतून आलेला असो की क्रॉयडनहून, वागणूक सारखीच. आपल्याला काय आवडतं हे सांगितलं की दुकानातला माणूस आपण नावही न ऐकलेल्या तीन लेखकांची पुस्तकं हातात ठेवायचा.

हे दुकान कशानं मेलं, हेही स्पष्ट सांगते. ब्रिटनमध्ये जवळपास शतकभर पुस्तकांच्या किमती करारानं बांधलेल्या होत्या. छापील किमतीखाली विकायला बंदी होती. १९९५ मध्ये तो करार कोसळला आणि १९९७ मध्ये न्यायालयानं तो बेकायदा ठरवला. सुपरमार्केटांनी खपाऊ रहस्यकथा दूध-पावाशेजारी अर्ध्या किमतीत ठेवल्या. १९९८ पासून ॲमेझॉन आलं. खपाऊ पुस्तकांच्या नफ्यावर दुकानदार अनोळखी लेखकांना सांभाळत होता. तो नफाच गेला. जानेवारी २००९ च्या अखेरीस 'मर्डर वन' बंद झालं. वाचकाला पुस्तक स्वस्त मिळालं हे खरं. ते कुठलं घ्यावं हे सांगणारा माणूस मात्र गेला.

२००८ हेही 'राष्ट्रीय वाचनवर्ष' होतं. त्याआधी १९९८-९९ मध्येही एक झालं. २००८ ची पत्रकं गुंडाळून होतात न होतात तोच मंदी आली, २०१० मध्ये सरकार बदललं, पालिकांच्या पैशाला कात्री लागली. आमच्या ब्रेंट पालिकेनं २०११ साली बारापैकी सहा वाचनालयं बंद केली. नीझडेन गेलं, क्रिकलवुड गेलं. लोक उच्च न्यायालयात गेले, अपिलात गेले, हरले. केन्सल राइझचं वाचनालय १९०० साली मार्क ट्वेननं उघडलेलं. २०१२ च्या मे महिन्यात पालिकेची माणसं ऐन रात्री, पोलिसांना बरोबर घेऊन आली आणि आतली पुस्तकं काढून घेऊन गेली. ज्यांना आपण योग्य करतोय याची खात्री असते ते दिवसाढवळ्या येतात. त्याच वर्षी विल्सडेन ग्रीनची इमारत पाडायचं ठरलं आणि आतलं पुस्तकांचं दुकान उठलं. २०१५ मध्ये नवी देखणी इमारत उभी राहिली, मागच्या जागेवर फ्लॅट आले. दुकान काही परतलं नाही.

त्या लढ्यात रहस्यकथाकार आमच्या बाजूनं उभे राहिले, हे नोंदवलंच पाहिजे. व्हॅल मॅकडर्मिडसारखी लेखिका, जी लहानपणी कर्कॉल्डीच्या वाचनालयात वाढली, वाचनालय नसतं तर मी लेखिका झालेच नसते, असं ठिकठिकाणी सांगत राहिली.

त्यापुढच्या वर्षांत माझं मन रमत नाही. धंदा तेजीत आहे. २०१७ मध्ये रहस्य आणि गुन्हेगारी कथांनी ब्रिटनमध्ये विक्रीत सर्वसामान्य आणि साहित्यिक कथांना मागं टाकलं. वसीम खाननं मुंबईत दहाएक वर्षं काढून बेबी गणेश हत्तीच्या आणि नंतर 'मलबार हाउस'च्या कथा लिहिल्या, आणि २०२३ मध्ये तो क्राइम रायटर्स असोसिएशनचा पहिला गौरेतर अध्यक्ष झाला. याचा मला मनापासून अभिमान आहे. जून महिना 'क्राइम रीडिंग मंथ' म्हणून पाळला जातो आणि उरलेल्या वाचनालयांत लेखक येतातही. पण लेखक-वाचक भेटीचा मोठा भाग आता महोत्सवांत गेला. महोत्सव म्हणजे जत्रा. ज्याला प्रवास, तिकीट आणि हॉटेल परवडतं तो जातो. बरीच वाचनालयं आता स्वयंसेवक चालवतात. त्यांच्या कष्टाला मी नमस्कार करते, पण आठवड्यातून काही तास दार उघडं ठेवणं वेगळं आणि वाचक ओळखून लेखक बोलावणं वेगळं.

कारण त्या संध्याकाळी घडायच्या त्या ग्रंथपालामुळं. बसचालकाला कुठली कादंबरी द्यावी, काकूंना मोठ्या अक्षरातली प्रत कधी हवी, कुठल्या लेखकाला पत्र टाकलं तर तो भाड्यापुरत्या पैशात येईल, हे सगळं तिला ठाऊक असायचं, कारण ती तिथं रोज, पगारावर, वर्षानुवर्षं बसलेली असायची. कात्री आधी तिच्या जागेवर चालली.

ॲन क्लीव्ह्जला हे नेमकं कळलं. २०२१ मध्ये तिनं ईशान्य इंग्लंडात 'रीडिंग फॉर वेलबीइंग' सुरू केलं ते पदरमोड करून, आणि आपला पैसा लावला तो माणसांच्या पगाराला. आजारी, एकाकी लोकांच्या हाती योग्य पुस्तक देणं हे त्या माणसांचं काम. एका रहस्यकथाकार बाईला जे सुचलं ते सरकारला सुचायला हरकत नाही. १९६४ च्या कायद्यानं सर्वंकष आणि कार्यक्षम वाचनालयसेवा चालवणं हे पालिकांचं कर्तव्य आहेच. वाचनवर्ष खरं करायचं असेल तर प्रत्येक शाखेत एक शिकलेला, पगारी ग्रंथपाल परत बसवा. लेखक आजही यायला तयार आहेत. त्यांना पत्र लिहिणारं माणूस त्या टेबलामागं हवं, आणि त्याचा पगार मार्चनंतरही चालू राहायला हवा.